दारिद्र्यरेषेच्या वर असूनही महिना निघत नाही: नीट जगायला मुंबईत किती लागतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजून उत्तर देतेय ते स्पष्ट होईल. तुम्ही भांडुपला चाळीत भाड्याने राहता. घरात चार माणसं: तुम्ही, वहिनी, आठवीतली मुलगी आणि मधुमेह असलेल्या आई. तुमचे २६ हजार हातात येतात, वहिनी पोळीभाजी केंद्रात काम करून ८ हजार आणतात, एकूण ३४ हजार. व्यसन नाही, उधळपट्टी नाही, तरी पंचवीस तारखेनंतर कुणाकडून तरी हातउसने घ्यावे लागतात. मेहुणे म्हणतात, सरकारी हिशोबाने तुम्ही गरीब नाही, मग पुरत नसेल तर चूक तुमच्या नियोजनाची. आणि तुम्ही विचारलंय की दारिद्र्यरेषा असते तशी नीट जगण्याची काही रेषा असते का, मुंबईत ती कितीवर आहे आणि तुम्ही तिच्या वर आहात की खाली.

मेहुण्यांचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा ते सांगण्यासाठीच एवढं लांब लिहितेय. माझं काम कामगार संघटनांसाठी घरखर्चाच्या पाहण्या करण्याचं. पगारवाढीचं मागणीपत्र तयार होताना "एवढेच का मागता?" या प्रश्नाला उत्तर लागतं, आणि ते उत्तर लोकांच्या घरातल्या हिशोबाच्या वह्यांमधून काढावं लागतं. त्यामुळे माझी नजर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची नाही, वह्या वाचणाऱ्या बाईची आहे. ते लक्षात ठेवून वाचा.

आधी गरिबीचे आकडे पाहू. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी देशाची शहरी दारिद्र्यरेषा माणशी महिन्याला १,००० रुपये होती. २०१४ साली आलेल्या रंगराजन समितीच्या अहवालात तीच १,४०७ झाली. नियोजन आयोगाने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातले ते शहरातले रोजचे ३२ रुपये, ज्यावर देशभर गदारोळ झाला, तेही याच तेंडुलकर पद्धतीतून आलेले. तुमच्या घरात माणशी ८,५०० पडतात. महागाईसाठी जुनी रेषा दुप्पट केली, अडीचपट केली, तरी तुम्ही तिच्या खूप वर आहात. २०२३-२४ च्या राष्ट्रीय खर्च पाहणीत शहरी भारताचा सरासरी दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. म्हणजे कागदावर तुम्ही देशातल्या सरासरी शहरी माणसाच्याही पुढे आहात. मेहुण्यांकडे हे आकडे असतील तर ते चुकीचे नाहीत.

पण आता हेच उत्पन्न घेऊन सरकारी खिडक्यांवर फिरून या. वर्षाचे तुमचे होतात ४ लाख ८ हजार. शहरात अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला ५९ हजार, म्हणजे अख्ख्या घराचे महिन्याला पाच हजारांच्या आत. तिथे तुम्ही बसत नाही. पिवळ्या कार्डाची मर्यादा तर १५ हजारांची. केशरी कार्ड १ लाखापर्यंत, तेही नाही, म्हणून तुमचं पांढरं. मुलगी लहान असती आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांत अर्ज करायचा असता, तर आर्थिक दुर्बल म्हणून तिथेही मर्यादा १ लाखाचीच. लाडकी बहीणसाठी अडीच लाख, म्हणजे वहिनी बाद. एवढ्या खिडक्यांवर तुम्ही खाऊनपिऊन सुखी ठरलात. मग म्हाडाचा लॉटरीचा फॉर्म उघडा. मुंबई विभागात वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला नाव आहे अत्यल्प उत्पन्न गट. अल्पसुद्धा नाही, अत्यल्प. आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची मर्यादा ८ लाख.

एकच घर रेशनच्या दुकानात संपन्न आणि म्हाडाच्या फॉर्मवर अत्यल्प उत्पन्नाचं. हा निव्वळ सरकारी गोंधळ आहे असं मला वाटत नाही. कुणाला वगळायचं आणि कुणाला आत घ्यायचं, हे ज्या त्या योजनेच्या तिजोरीवरून ठरतं. धान्य मर्यादित, म्हणून मर्यादा खाली. म्हाडाचं घर कितीही स्वस्त म्हटलं तरी हप्ता भरण्याइतकी ऐपत लागते, म्हणून मर्यादा वर. यातला एकही आकडा "माणसाला नीट जगायला काय लागतं?" असं विचारून काढलेला नाही. तुम्ही मात्र नेमकं तेच विचारताय. म्हणून या आकड्यांत तुमचं उत्तर सापडणार नाही.

दारिद्र्यरेषा कशासाठी जन्माला आली, तेही थोडं सांगते, कारण इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे भुकेचं मोजमाप फार आधीपासून तुरुंगाशी तुलना करून होत आलं आहे. दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात हिशोब मांडला की देशाचं माणशी उत्पन्न कैद्याला मिळणाऱ्या अन्नवस्त्रालाही धड पुरत नाही. पुढे १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने इथल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तिच्यातही निघालं की दिवसभर राबणाऱ्या कामगाराला मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्यापेक्षा कमी धान्य मिळतं. या दोन्ही हिशोबांनी राज्यकर्त्यांना लाज आणली आणि ते त्या काळी आवश्यक होतं. पण त्या वाटेने पुढे आलेली मोजपट्टी पोटापाशीच थांबली. १९७१ मध्ये पुण्याचे अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी २,२५० उष्मांकांवरून रेषा काढली. १९७९ च्या नियोजन आयोगाच्या टास्क फोर्सने शहराला २,१०० आणि खेड्याला २,४०० उष्मांक धरले.

या सगळ्यांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १९६२ ची नोंद. नियोजन आयोगाच्या कार्यगटाने १९६०-६१ च्या भावांनी माणशी महिन्याला २० रुपये हे राष्ट्रीय किमान ठरवलं, शहरासाठी २५. आणि स्पष्ट म्हटलं की यात आरोग्य आणि शिक्षण धरलेलं नाही, कारण ते सरकारने पुरवायचं आहे. धनंजयराव गाडगीळ, अण्णासाहेब सहस्रबुद्धे यांच्यासारखी माणसं त्या गटात होती. त्यांचा हिशोब प्रामाणिक होता: पोटाचं तुम्ही बघा, दवाखाना आणि शाळा आम्ही बघतो. पुढे पहिला अर्धा भाग रेषा म्हणून टिकला आणि दुसरा अर्धा तुमच्या खिशात येऊन पडला. मुलीचा क्लास आणि आईंच्या गोळ्या तुम्ही आज पगारातून भरता, त्या या बदललेल्या वाटणीमुळे.

सुदैवाने आपल्याकडे दुसरीही एक परंपरा आहे आणि ती वेतनाच्या बाजूने आली. राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगाराला नुसतं जगण्यापुरतं नव्हे, तर चांगलं जीवनमान, फुरसत आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळतील असं वेतन मिळवून देण्याची दिशा राज्याला घालून दिली आहे. फुरसत हा शब्द घटनेत आहे, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. १९४८ मध्ये नेमलेल्या फेअर वेजेस समितीने तीन पायऱ्या केल्या: तळाला किमान वेतन, त्यावर न्याय्य वेतन आणि सर्वात वर जीवनवेतन. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशोबच मांडून दिला: एका कमावत्यामागे तीन ग्राहक-एककं (मोठा पुरुष म्हणजे एक एकक, बाई आणि मुलं त्याहून कमी धरायची), प्रत्येकी २,७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या किमान घराइतकं भाडं आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली: मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार-करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी एकूण किमान वेतनाचे आणखी २५ टक्के धरायला हवेत. लक्षात घ्या, न्यायालय हे किमान वेतनाबद्दल बोलत होतं. सणवार ही त्याच्या लेखी चैन नव्हती.

आता मी प्रत्यक्षात कसं करते ते सांगते. मी रकमेपासून सुरुवात करत नाही. एकाच प्रकारच्या कामावर असलेल्या दहाबारा घरांतल्या बायका-पुरुषांना एकत्र बसवते आणि विचारते की तुमच्यासारख्या कुटुंबाला या वस्तीत मान खाली न घालता राहायचं असेल तर काय काय लागेल? आपल्याला काय हवंसं वाटतं ते नाही, काय नसलं तर माणूस चारचौघांतून मागे पडतो ते. यादी झाली की प्रत्येक वस्तूवर "का?" विचारायचं, आणि कारण पटलं नाही तर ती खोडायची. मगच बाजारात जाऊन भाव काढायचे. ब्रिटनमध्ये २००८ पासून साधारण याच धर्तीवर, सामान्य लोकांच्या गटांना यादी करायला लावून, किमान उत्पन्नाचं प्रमाण काढतात. आपल्याकडे संघटनांच्या बैठकांत हे अधूनमधून होतं, पण लिहून ठेवलं जात नाही.

या बैठकांत लोक हावरेपणा करतील अशी भीती बाहेरच्यांना असते. माझा अनुभव उलटा आहे, लोक स्वतःच्या गरजाच जास्त कापतात. एका बैठकीत फ्रिजवरून वाद पेटला. पुरुषांनी एकमुखाने खोडला, "गावाला काय फ्रिज होता?" हाऊसकीपिंगचं काम करणारी एक बाई गप्प होती. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, तिची ड्युटी दुपारी दोन ते रात्री दहा. सकाळी एकदाच दोन वेळचा स्वयंपाक करून निघते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रात्रीपर्यंत आमटी आंबते, मग मुलं वडापाव खातात, आणि तो खर्च फ्रिजच्या हप्त्यापेक्षा फार कमी नाही. शेजारची म्हणाली, माझ्या सासूचं इन्सुलिन मी दुकानदाराच्या फ्रिजमध्ये ठेवते, तो रविवारी दुकान बंद ठेवतो. फ्रिज यादीत राहिला. टीव्ही मात्र "मोबाइलवर भागतं" म्हणून बहुमताने बाहेर गेला. मी असते तर ठेवला असता, पण यादी त्यांची होती.

दुसरी गोष्ट गावी जाण्याची. कोकणातल्या, साताऱ्यातल्या, कुठल्याही गटात हे निघतंच. गणपतीला किंवा जत्रेला वर्षातून एकदा सगळ्यांनी गावी जायचं, जाताना हातात काहीतरी न्यायचं, आणि नात्यातल्या लग्नाला आहेर घेऊन उभं राहायचं. कारखान्याचा व्यवस्थापक याला हौस म्हणेल. पण आजारपणात, नोकरी गेल्यावर, मुलीचं लग्न ठरल्यावर हीच माणसं उभी राहतात. सलग तीन वर्षं जो गावी गेला नाही, लग्नाला ज्याने काही ना काही कारण सांगितलं, त्याच्या घरी अडचणीला कोण येणार? नीट जगण्याच्या यादीत मी हे नेहमी ठेवते आणि वाटाघाटीत यावर अडून बसते.

यादी झाली की तिच्या दोन बाजू करायच्या. एका बाजूला खिशातून विकत घ्यायचं ते, दुसऱ्या बाजूला शहराने द्यायला हवं ते. मुंबईत ही दुसरी बाजू इतकी भारी आहे की ती सोडून काढलेला कुठलाही आकडा फसवा ठरतो. पाण्याचंच घ्या. महापालिकेच्या निकषात इमारतीतल्या माणसाला रोज १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असा भेद वर्षानुवर्षं चालत आला. चौघांच्या घराला ४५ च्या हिशोबाने होतात १८० लिटर, म्हणजे निळं प्लास्टिकचं एक पिंपसुद्धा पूर्ण भरत नाही. त्यात अंघोळी, कपडे, भांडी, संडास, स्वयंपाक. पाणी पहाटे चारला आलं तर घरातलं कुणीतरी चारला उठतं, आणि ते कुणीतरी बहुतेक बाईच असते. मग ती आठच्या लोकलला लटकत कामावर जाते. तिच्या झोपेचे ते दोन तास घरखर्चाच्या कुठल्याच वहीत नसतात. नळाला प्रेशर नसेल तर कॅनचं पाणी विकत, आणि ते लिटरमागे महापालिकेच्या पाण्याच्या कैकपट महाग पडतं. सार्वजनिक शौचालयात दर खेपेला पैसे, म्हणून मुली दिवसभर पाणी कमी पितात आणि पुढे लघवीच्या जंतुसंसर्गावर डॉक्टरला पैसे मोजतात. पगार दोन हजारांनी वाढला तरी यातलं काही सुटत नाही.

जागेचंही तसंच. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनात आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फूट मिळतात. वाढलेला प्रत्येक फूट लोकांनी भांडून घेतलाय. आठवीतल्या मुलीला अभ्यासाला कोपरा, आईंना दुपारी पडायला जागा, नवराबायकोला दाराआड बोलायची सोय: चौघांच्या घराला एवढं लागतंच असं माझ्या प्रत्येक गटाने म्हटलंय. भाड्याच्या एका खोलीत ते बसत नाही, आणि भांडुपला दोन खोल्या घ्यायच्या तर तुमचा हिशोब पूर्ण कोलमडतो. स्वस्त खोलीसाठी नालासोपारा किंवा बदलापूर गाठलं तर भाडं वाचतं आणि रोजचे तीनचार तास जातात. भाडं आणि प्रवास मी कधीच वेगळे मोजत नाही, ही एकच वस्तू आहे. तिचा काही भाग रुपयांत भरायचा, काही वेळात.

आता तुमच्या वहीकडे येते. तुम्ही दिलेले आकडे असे आहेत: भाडं ९,५००, लाइटबिल १,४००, किराणा-दूध-भाजी-गॅस १२,०००, शाळा आणि क्लास ४,२००, आईंची औषधं २,३००, प्रवास १,५००, मोबाइल ७००, भिशी २,०००. बेरीज ३३,६००. उरतात ४००. वरवर पाहिलं तर हिशोब जुळतो, म्हणून मेहुण्यांना वाटतं की काटेकोर राहिलं तर भागावं.

मी वही वाचताना जे लिहिलंय त्याआधी जे लिहिलेलं नाही ते बघते. तुमच्या यादीत कपडे-चपलांची ओळ नाही. सण नाही, गाव नाही, आहेर नाही. जूनमधली वह्या-दप्तर-छत्री नाही. दर ११ महिन्यांनी करार संपतो तेव्हाचं वाढीव भाडं, ब्रोकरची एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली आणि टेम्पो नाही. चौघांपैकी आई सोडून कुणाच्याही आजारपणाची ओळ नाही, जणू तुम्ही तिघं कधी आजारी पडतच नाही. हे खर्च होत नाहीत असं नाही. ते होतात, आणि पंचवीस तारखेनंतर तुम्ही जे हातउसने घेता ते हेच. तुमचं नियोजन चुकत नाहीये. नियोजनात बसवायला पैसेच नाहीत, म्हणून अर्धं आयुष्य वहीबाहेर राहिलंय.

एक ढोबळ पडताळणी करू. भाडं, वीज, जेवण, प्रवास आणि फोन हे तुमचे मूळ खर्च होतात २५,१००. रेप्टाकोस ब्रेटच्या निकालाप्रमाणे शिक्षण-आरोग्य-सण-म्हातारपणाचा भाग एकूण वेतनाचा पाव असेल, तर हे २५,१०० झाले तीन चतुर्थांश. म्हणजे एकूण सुमारे साडेतेहतीस हजार. तुमची दोघांची मिळून कमाई ३४ हजार. सर्वोच्च न्यायालयाने एका कामगाराच्या किमान वेतनाची जी कल्पना मांडली, तिथे तुम्ही दोन माणसं राबून कसेबसे पोचला आहात. शिवाय त्या सूत्रातली तीन एककं म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुलं. म्हाताऱ्या आई त्यात मोजलेल्याच नाहीत. या हिशोबात एक त्रुटी आहे हेही सांगते. सूत्र आहाराच्या प्रमाणावरून चालतं, मी तुमचा प्रत्यक्ष खर्च घेतलाय. तुम्ही फळं, डाळ, अंडी आधीच कापत असाल तर खरा आकडा आणखी वर जाईल. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: दारिद्र्यरेषेच्या तुम्ही बरेच वर आहात, किमान वेतनाच्या पायरीवर जेमतेम उभे आहात आणि जीवनवेतन अजून दूर आहे.

मुंबईसाठी एकच आकडा सांगा असं तुम्ही म्हणाल तर मी सांगणार नाही, कारण तो घराघरानुसार खूप हलतो. हीच कमाई आणि स्वतःची खोली असती, अगदी पुनर्वसनातली का होईना, तर तुमचे साडेनऊ हजार सुटले असते आणि मी वेगळंच उत्तर लिहिलं असतं. गावी पैसे पाठवावे लागतात की गावाहून तांदूळ येतो, यानेही मोठा फरक पडतो. मुलगी अकरावीला गेली की शिक्षणाची ओळ दुप्पट होऊ शकते. नोकरी कायम की कंत्राटी, हा मला सगळ्यात मोठा फरक वाटतो, कारण कंत्राटातले ३४ हजार आणि कायम नोकरीतले ३४ हजार हे एकच पैसे नव्हेत. एक कसोटी मात्र मी सगळ्यांना सारखी लावते: घरातलं एक माणूस महिनाभर अंथरुणाला खिळलं, तर मुलीची शाळा, घराचं भाडं आणि दोन वेळचं जेवण यांतलं काहीही न तुटता घर तीन महिने तगेल का? तगत असेल तर ते घर नीट जगतंय असं मी म्हणते. आज तुमचं तगणार नाही.

शहराच्या बाजूचं जे तुम्हाला मिळू शकतं, ते आधी वसूल करा. आईंच्या गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा 'आपला दवाखाना' केंद्रात मिळतात का बघा. मिळाल्या तर २,३०० मधले बरेचसे मोकळे होतील. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ती दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा असता तर आईंसकट सगळ्यांची बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधं सुटली असती, पण त्याची वेतनमर्यादा २१ हजार आहे आणि तुम्ही ती ओलांडलीय. पगार थोडा वाढतो आणि आरोग्याचं छत्र जातं, ही अडचण मला पाहण्यांमध्ये वारंवार दिसते. संघटना असेल तर मागणीपत्रात नुसती वाढ मागू नका. कुटुंबासह आरोग्य विमा, त्यात आईवडील, ही स्वतंत्र मागणी ठेवा.

शेवटचं एक. तुमच्या अख्ख्या यादीत वहिनींच्या नावाची एकही ओळ नाही. आईंची औषधं आहेत, मुलीचा क्लास आहे, तुमचा पास आहे. महिन्याला ८ हजार आणणाऱ्या बाईचा डॉक्टर, तिच्या चपला, तिचं माहेर कुठेच नाही. मी बैठकांत नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून याद्या लिहून घेते, कारण एकत्र बसवलं की बायका स्वतःची ओळ आधी खोडतात. तुम्हीही तसंच करा. एका रविवारी त्यांना कोरी वही द्या आणि तुम्ही बाहेर जा. त्यांची यादी आली की ती मला इथेच पाठवा. मग दोन्ही याद्या एकत्र करून तुमच्या घरासाठी एक आकडा काढू, आणि मागणीपत्रात कुठला भाग घालायचा तेही ठरवू.